कुणीच लावत नाही असा रंग

"हा माझ्या बेडरूमचा रंग आहे," वकिलीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रंगाऱ्याच्या भिंतीवर बोट टेकवलं.

त्या आल्या होत्या वेगळ्याच कामाला. त्यांच्या दिवाणखान्याचं काम सोमवारी सुरू व्हायचं होतं आणि मासिकांतून कापलेली चित्रं छातीशी धरून त्या स्वतः आल्या होत्या. एक भिंत गडद, बाकीच्या फिकट, छताला कडेने पट्टी, पडद्याला जुळणारा कोनाडा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण आपल्या घराचं सौंदर्य फोनवर मावत नाही असं त्यांचं मत होतं. गाडी आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून तोंडाशीच उभी करून त्या चालत आल्या. गल्ली इतकी अरुंद की समोर रंगाऱ्याच्या घरात कुणी शिंकलं की रुमाल मी काढतो. त्यामुळे पुढचं सगळं मला माझ्या खिडकीत बसून ऐकू आलं, त्यात माझा काही दोष नाही.

"तुमचाच असेल, बाईसाहेब," रंगारी म्हणाला. "उरला होता. तुम्हीच म्हणालात, घेऊन जा."

"मी म्हणाले, टाकून द्या."

"तेच की."

"तेच कसं होईल? तो रंग मी दोन दुकानं पालथी घालून, डिझायनरच्या डोक्यावर बसून तयार करून घेतला. आणि इथे येऊन बघते तर तुमच्या मोरीच्या बाजूला." बाईंनी बोट उचललं, त्याला काही लागलंय का ते पाहिलं. "आता तो उरला होता की उरवला होता, ते काही मी विचारत नाही, पेंटर."

स्वयंपाकघराच्या दारात रंगाऱ्याची बायको उभी होती. तिला मी वहिनी म्हणतो, गल्लीही वहिनीच म्हणते. नुकतीच कामावरून आली होती. भुवयांवर अजून पुट्टीची पांढरी भुकटी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. चोर म्हटलं होतं त्याला, तेही इतक्या गोड आवाजात. आता हा काहीतरी बोलेल, म्हणून ती ओले हात तसेच धरून थांबली.

रंगारी हसला. हॅ हॅ करून हसला, मान तिरकी करून.

"तुमच्या भिंतीची सर आमच्या भिंतीला येते का बाईसाहेब? बदलतो की. उद्याच बदलतो."

"बदलाच. माझ्याकडे येणारंजाणारं कुणी इथे आलं, तर कसं दिसेल ते."

वकिलीणबाईंकडे येणारंजाणारं कुणी आमच्या गल्लीत आलं असतं, तर मी माझ्या मिशा उतरवल्या असत्या. पण रंगाऱ्याने गंभीरपणे मान हलवली. मग बाईंनी ती चित्रं खाटेवर मांडली आणि अर्धा तास त्या भिंती, उजेड आणि मन यांच्या संबंधावर बोलल्या. माणूस ज्या रंगात राहतो तसा होतो, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या रंगाऱ्याच्या घरात उभ्या होत्या, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही. निघताना वहिनीकडे वळून म्हणाल्या, "सोमवारी तूही येशील ना ग? मागच्या वेळी कोपरे नीट घासले नव्हतेस."

 वहिनीने हात पुसले, आणि ते कोरडे झाल्यावरही बराच वेळ पुसत राहिली.

आता त्या घराच्या भिंतींबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर वहिनी एवढी का पेटली.

रंगाऱ्याच्या मागच्या पडवीत दोन पिंपं होती. एक तेलाच्या रंगाचं, एक पाण्याच्या रंगाचं. प्रत्येक कामावर डब्याच्या बुडाला काहीतरी उरतंच. ते तो घरी आणायचा आणि पिंपात ओतायचा. दातांच्या डॉक्टरचा फिकट हिरवा, शाळेचा पिवळट, बँकेचा निळा, कुणाच्या बाळाच्या खोलीचा गुलाबी. पिंप भरत आलं की ढवळायचा आणि घराला हात मारायचा. हात मारणं म्हणजे आपण म्हणतो तो रंगाचा थर. पण त्याआधी एक डावभर काळा रंग टाकायचा. हा त्याचा नियम, त्याच्या बापाचाही होता. "काळा टाकला की कुणाचा रंग ते कुणाला कळत नाही," तो मला एकदा समजावून सांगत होता. "गिऱ्हाइकाला वाईट वाटायला नको."

त्यामुळे ते घर कायम एकाच रंगाचं असायचं. कोणता, ते मला नीट सांगता येणार नाही. भांडी घासल्यावर बादलीत उरतं ते पाणी घ्या आणि त्यात थोडी संध्याकाळ मिसळा. त्यांची मुलगी लहान असताना शाळेत 'माझे घर' काढायला सांगितलं, तेव्हा तिने घर त्याच रंगाने रंगवलं. शाळेतल्या बाईंनी विचारलं, हे घर आहे की ढग? एकदा तर रंगारी घाईत तेलाच्या पिंपात पाण्याचा डबा ओतून बसला. रंग दुधासारखा फाटला. तोच लावला त्याने भिंतीला, वाया कशाला घालवायचा म्हणून. वर्षभर ती भिंत गोवर आल्यासारखी दिसायची आणि आमची मांजरसुद्धा त्या बाजूने जाताना अंग राखून जायची.

वकिलीणबाईंचा रंग मात्र काळा न टाकता लागला होता. पिंप रिकामं होतं, डब्यात बराच उरला होता आणि रंगारी दमलेला होता, एवढंच. पण त्यामुळे काही महिने त्या घराची एक भिंत खरोखर रंगाची झाली होती, सायीच्या आतल्या बाजूला असते तसली मऊ पिवळी. वहिनी संध्याकाळी दिवा लावण्याआधी त्या भिंतीसमोर जरा वेळ बसायची. मी खिडकीतून बघत असे. मला वाटायचं, बाई दमली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याने पिंपाचं झाकण काढलं, काळ्याचा डाव टाकला, ढवळलं आणि ती भिंत झाकायला सुरुवात केली.

"कशाला?" वहिनीने विचारलं.

"कशाला म्हणजे? बाईसाहेब बोलल्या ना काल."

"त्यांच्या घरातलं त्यांनी बोलावं. ही भिंत कुणाची?"

"अगं, गिऱ्हाईक आहे ते. वर्षाला चार कामं देतं. एका भिंतीसाठी कशाला नाराज करायचं?"

"चोर म्हणाली ती तुम्हाला."

"बोलायची पद्धत असते मोठ्या लोकांची. ते मनावर घ्यायचं नसतं."

"तुम्ही नका घेऊ," वहिनी म्हणाली. "मी घेतलंय."

तो ब्रश फिरवत राहिला. साय गेली, बादलीतलं पाणी आलं. वहिनी तिथेच उभी राहून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बघत होती. तिचा चेहरा तेव्हा मी पाहिला आणि माझी खिडकी लावून घेतली. माझ्या खिडकीचा तो पहिलाच अपमान.

तुम्हाला वाटेल, ही बाई घरात बसून नवऱ्याचं खायची आणि भिंतीवरून रुसायची. तसं नव्हतं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती त्याच्याबरोबर कामावर जायची. जुना रंग खरवडायचा, भेगा भरायच्या, पॉलिशपेपरने भिंत घासून गालासारखी करायची, शेवटी फरशीवरचे शिंतोडे नखांनी काढायचे. हे सगळं तिचं. रंग लावायचा तो त्याने. ब्रशला तिने हात लावायचा नाही. का, तर त्यांच्या घरात बाया घासतात आणि पुरुष रंगवतात. गावातल्या निम्म्या भिंतींवरून तिचा हात फिरलेला, पण वर रंग चढला की तो हात कुणाला दिसायचा नाही. खोकला मात्र तिच्याकडे राहिला.

सोमवारी रंगारी शिडी घेऊन निघाला, तेव्हा ती चहा पीत बसली होती.

"चल, उशीर होतोय."

"मी नाही येणार."

"बरं नाही का?"

"बरी आहे. मला माझ्या घराला रंग लावायचाय. सीलबंद डब्यातला. जो आधी कुणाच्या भिंतीला लागलेला नाही असा."

रंगारी शिडी खाली ठेवून हसला. बाईसाहेबांसमोर हसला होता तसंच, पण या वेळी मान तिरकी नव्हती. "पेंटरच्या घरात विकतचा रंग? लोक शेण घालतील तोंडात. आचारी कधी खानावळीत जेवायला जातो का?"

"जेवायला नाही जात," वहिनी म्हणाली. "पण रोज लोकांच्या ताटातलं उष्टं कालवून बायकोपोरांना घालतो का तेही विचारा त्याला."

रंगाऱ्याचं हसू तोंडातच राहिलं. तो शिडी उचलून निघून गेला. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत शिडी दोन वेळा भिंतीला आपटली. इतक्या वर्षांत ती कधी आपटलेली मी ऐकली नव्हती.

वहिनी रंगाच्या दुकानात गेली. मीही गेलो. मला तिथे काही काम नव्हतं, म्हणूनच गेलो.

"या काकू," दुकानदार म्हणाला. "कुठलं काम निघालं?"

"घराचं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. "पेंटर येणारेत का मागून?"

"नाही."

"मग त्यांना एक फोन करून विचारतो. म्हणजे त्यांच्या मनात कुठली शेड आहे ते—"

"फोन ठेवा खाली," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने, पण दुकानातल्या ब्रशांचे केस उभे राहिले. "शेडकार्ड द्या. आणि ते पांढऱ्यांचं नको, पूर्ण द्या."

तिने कार्ड उघडलं. पंख्यासारखं उलगडत जाणारं ते कार्ड, हजारएक रंगांचं. काउंटरवर मावेना. मला वाटलं, आता ही हरखून जाईल; आपण नाही का, मिठाईच्या दुकानात गेल्यावर आधी नुसतं बघतो. पण ती एकेका चौकोनावर बोट ठेवायची आणि बोट तिथून भाजल्यासारखं उचलायची.

"हा निळा छान आहे," मी म्हणालो.

"हा बँकेचा जिना. सगळा जिना एकटीने घासला, मॅनेजर खाली उभा राहून सांगायचा, धूळ कमी करा."

"मग हा हिरवा?"

"दातांचा डॉक्टर. मला आत पाणी प्यायला येऊ दिलं नव्हतं."

"हा जांभळट बघा, असा कुठे बघितला नाही."

"मुख्याध्यापिकेच्या मुलीची खोली. मुलगी चांगली होती ती. पण खोली तिची."

दुकानदार म्हणाला, "काकू, असं किती दिवस करणार? तुम्हाला आवडतो कुठला, तो सांगा ना."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हा मेला. पण ती रागावली नाही, किंवा रागाच्या पलीकडे गेली.

"तेच तर मला माहीत नाही," ती म्हणाली. "कधी कुणी विचारलंच नाही, तर कळायचं कसं?"

तिने कार्ड मिटलं आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्याही. दुकानदाराने तिच्यासाठी स्टूल ठेवलं, चहा सांगितला, तरी तिचं बोट काही कुठे टिकेना. दोष कार्डाचा नव्हता, तिचाही नव्हता. त्यातला प्रत्येक रंग आधीच कुणीतरी घेऊन बसलेला होता. सिनेमाच्या थेटरात आपल्याला प्रत्येक खुर्चीवर रुमाल टाकलेला दिसावा, तसं.

शेवटी एका दुपारी ती कार्डाच्या अगदी तळाच्या पानावर पोचली. तिथे एक चौकोन होता. नारिंगी म्हणावा तर नारिंगी नाही, पिवळा म्हणावा तर अंगावर धावून येईल असा. विटांच्या भट्टीचं दार उघडून कुणी आत बघितलं असेल, तर त्याला ठाऊक असेल. मी दुकानाच्या पायरीवर होतो, तिथूनही मला तो दिसला आणि माझ्या दाढेत कळ आली.

वहिनीचं बोट त्यावर थांबलं.

"हा कुणाकडे लागलाय?"

"हा?" दुकानदार हसला. "हा नुसता कार्डावर असतो काकू. कंपनी छापते, आपण ठेवतो. हा कुणी लावत नाही."

"कुणीच?"

"बाबांच्या वेळेपासून तरी नाही."

"मग हाच द्या," वहिनी म्हणाली.

"काकू, मी काय म्हणतो, आधी एक छोटा डबा नेऊन एका कोपऱ्यात—"

"मोठा द्या. आणि सील माझ्यासमोर तपासा."

पैसे तिचे स्वतःचे होते आणि तिने ते फार बोलू न देता दिले. डबा मी धरतो म्हणालो, तर म्हणाली, भाऊजी, तुम्ही दार धरा. मी दार धरलं.

नवरा कामावर गेल्यावर तिने खाट बाहेर काढली, सामान मागच्या खोलीत लोटलं आणि लोखंडी पातं घेऊन पुढच्या खोलीच्या भिंती खरवडायला लागली. मी आयुष्यात पुष्कळ कामं पाहिली आहेत, बसून पाहिली आहेत, पण तसं खरवडणं पाहिलं नाही. पाठीचं कातडं सोलावं तशी भिंत सोलत होती. एकावर एक थर निघायला लागले. वरचं गढूळ गेलं की खाली साय, तिच्याखाली गढूळ, त्याखाली आणखी जुनं गढूळ, मधेच गोवर आलेलं. सगळं गाव त्या भिंतींवरून खाली पडत होतं. बँक पडली, शाळा पडली, दातांचा डॉक्टर पडला. पोती भरली. मी खोटं बोलत नाही, थर निघाल्यावर खोली चांगली वीतभर रुंद झाली; खाट आधी आडवी मावत नसे, ती नंतर मावायला लागली.

"वहिनी, जरा दम घ्या," मी खिडकीतून म्हणालो.

"तुम्ही घ्या माझ्या वाटचा," ती म्हणाली. "तुमच्याकडे वेळ आहे."

मी घेतला.

मग भेगा भरल्या, भिंती घासल्या. ते तिचं रोजचंच काम, पण परक्या घरात ती खाली मान घालून घासायची. इथे मान वर होती. नंतर डब्याचं सील काढलं, डबा ढवळला आणि ब्रश हातात घेतला. नवऱ्याचा नव्हे, स्वतः विकत आणलेला. ब्रश कसा धरतात हे तिने जन्मभर पाहिलं होतं. धरला मात्र कधी नव्हता. पहिला फटकारा तिने असा मारला, जणू कुणाच्या तरी थोबाडीत मारावी.

संध्याकाळी रंगारी आला, तेव्हा दाराबाहेर चारपाच माणसं जमली होती. चपला न काढता तो आत शिरला आणि मधोमध उभा राहिला. वहिनी स्टुलावर होती. हाताच्या कोपरापर्यंत तो रंग. खोली अशी पेटलेली, की रंगाऱ्याचा चेहरासुद्धा तापलेल्या तव्यासारखा दिसत होता. किंवा खरोखर तापला होता.

"हे काय केलंस?"

"रंग दिला."

"पेंटरच्या घरात बाईने ब्रश धरला. उद्या बाहेर काय तोंड दाखवू मी?"

"नका दाखवू. बाईसाहेबांना वाकलेली पाठ दाखवा, त्यांना चालेल."

"बाईसाहेब, बाईसाहेब. एकदा हसलो तर किती दिवस पुरवणार आहेस ते?" रंगारी ओरडला. त्याला मी प्रथमच ओरडताना ऐकलं. "मी तिथे भांडलो असतो तर खाल्लं काय असतं? माझा बाप हसला, मी हसलो, म्हणून चूल पेटली. आणि उरलेल्या रंगाला काय कमी समजतेस? डबा तर कुणीही उघडतं. मी घरी आणून, ढवळून, माझ्या हाताने रंग करायचो. तू नवीन आलीस तेव्हा ही खोली तुझ्यासाठी रंगवली होती. तुला म्हणून बनवला होता तो रंग. अख्खी रात्र ढवळत होतो."

वहिनीचा ब्रश थांबला. खोटं नव्हतं ते. मला आठवतं, त्या वेळी तो शीळ घालत ढवळत होता.

"कशातून बनवला होता?" तिने विचारलं.

"दवाखान्याचा पांढरा उरला होता. त्यात पोस्टमास्तरांच्या दाराचा लाल घातला, जरासा. आणि—"

"बघा," वहिनी म्हणाली. "अजून तोंडपाठ आहे तुम्हाला, कुणाकुणाचा होता ते."

 बाहेरची माणसं हळूच पांगली. भांडण बघायला बरं वाटतं. असलं काही बघायला बरं वाटत नाही. मी मात्र राहिलो. माझं घरच समोर आहे.

जरा वेळाने तो भिंतीजवळ गेला. राग होताच, पण भिंतीजवळ गेला की त्याच्यातला रंगारी आधी जागा होतो. तिरक्या नजरेने त्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"कार्डावर बोटभर दिसतो तो," खालच्या आवाजात म्हणाला. "भिंतीवर गेला की अंगावर येतो. दोन पायऱ्या फिकट घ्यायचा असतो. एवढं तरी विचारायचं होतंस."

"तेच नव्हतं विचारायचं."

"ब्रशचे फटकारे उठलेत. थर जाड बसलाय, आठवडाभर वाळणार नाही. मी उद्या थोडा पांढरा घालून खाली उतरवतो. तुझाच रंग राहील, नुसता जरा निवेल."

"हात लावायचा नाही."

"अगं, चुकलाय तो. डोळे असणाऱ्या कुणालाही विचार."

"चुकला असेल," वहिनी म्हणाली. "चुकला तर माझा चुकला."

आणि तिने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

गल्लीने त्या रंगाची पुरती मजा केली, हे सांगायला नको. कुणी म्हणे, आता रस्त्यावरचे दिवे काढून टाका. कुणी म्हणे, वहिनींच्या घरात शिळं अन्न आपोआप गरम होतं. मी स्वतः दोनतीन गोष्टी पसरवल्या. समोरच्या कोंबड्याची वेळ चुकायला लागली ही माझीच, आणि ती पूर्ण खोटी नव्हती. दुपारी ऊन त्या खोलीत शिरलं की माझ्या छतावर नारिंगी उजेड पडायचा आणि माझ्या ताटातला पांढरा भातही कुणीतरी रागाने वाढल्यासारखा दिसायचा. वहिनीला या गोष्टी कळत होत्या. ती कुणाला उत्तर देत नव्हती. रंग सुंदर आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. मी एकदा खोदून विचारलं, "वहिनी, खरं सांगा, आवडला का?" तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघतेय अजून. घाई कसली आहे."

कामावर मात्र ती पुन्हा गेली नाही. वकिलीणबाईंच्या दिवाणखान्याच्या भिंती रंगाऱ्याने स्वतः घासल्या. तो घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि पायरीवर उभा राहून खोकायचा. ती पाण्याचा तांब्या द्यायची. बोलणं कमीच. त्या खोलीत त्याला बसवत नव्हतं. डोळे चुरचुरतात म्हणायचा. ताट घेऊन बाहेर पायरीवर बसायचा, रस्त्याकडे तोंड करून. रस्ता त्याच्याकडे बघायचा, तो ताटाकडे बघायचा.

परवा सकाळची गोष्ट. वहिनी पुढच्या खोलीत जमिनीवर बसली होती. आतापर्यंत ती त्या भिंतींपासून हातभर दूर बसत असे. परवा सरकत मागे गेली, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले. चहाचा कप बाजूला, पाय पसरलेले. मी इतकी वर्षं त्या खिडकीसमोर काढली, पण त्या बाईला पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं. बराच वेळ तशीच बसली. मग उठली, पिशवी घेतली आणि दुधाला निघाली.

रंगाऱ्याचा अंदाज बरोबर होता. आठवडा व्हायचा होता, थर वाळलेला नव्हता. तिच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तो भट्टीचा रंग उमटला होता, फटकाऱ्यांसकट.

ती गल्लीच्या मधोमध चालत होती. नळावरच्या बायकांची घागर भरून वाहू लागली. सायकलवाला सायकल धरून थांबला. कुणीच काही सांगेना. मला राहवलं नाही.

"वहिनी," मी खिडकीतून म्हणालो, "पाठीला रंग लागलाय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली आणि चालत राहिली.

दूध घेऊन ती परतली, तेव्हा रंगारी कामाला जाण्याआधी पायरीवर जेवायला बसला होता. पायरी अरुंद. ती जवळ आल्यावर त्याने वर पाहिलं नाही. फक्त ताट उचलून एका बाजूला घेतलं, दोन्ही खांदे आत ओढले आणि ती वर चढून जाईपर्यंत अंग चोरून बसला. ओल्या रंगाशेजारून जाताना रंगारी माणूस अंग चोरतो, तसा.